एक दाता उजवीकडे

नट सुटला होता, पण स्टेअरिंग निघत नव्हतं.

मी पुलर लावला. पुलर म्हणजे तीन नांग्यांचा लोखंडी खेकडा. नांग्या चाकाच्या मागून अडकवायच्या आणि मधला स्क्रू आवळत जायचं, म्हणजे चाक दांड्यावरून वर उचललं जातं. निदान जावं अशी अपेक्षा असते. मी आवळत गेलो. पुलर कुरकुरला, जीप कुरकुरली, एका क्षणी तर केडगावातलं माझं सगळं गॅरेज पुणे रोडवरून वीतभर वर उचललं गेलं. शेजारच्या पंक्चरवाल्याने पाहिलंय, त्याला विचारा. स्टेअरिंग मात्र जागचं हललं नाही.

"त्याला कळलंय, आपल्याला काढत्यात म्हनून," जुन्या टायरवर बसलेले अप्पा म्हणाले.

"अप्पा, लोखंडाला काय कळतंय," त्यांचा मुलगा संदीप म्हणाला.

"तुझ्यापरीस जास्त कळतंय."

अप्पा पारनेर तालुक्यातले. वय बहात्तर. सुपा ते पारनेर ही जीप त्यांनी उभ्या जन्मात इतक्या वेळा नेली, की मधल्या काळात ती एकटीसुद्धा जाऊन आली असती. बाजाराच्या दिवशी नऊ जणांच्या जीपमध्ये सत्तावीस माणसं, चार कोंबड्या आणि एक शेळी बसलेली मी स्वतः मोजली आहेत. शेळीने खिडकीची जागा मागितली होती. अशा वेळी ड्रायव्हरला पुढच्या सीटवर जागा अर्धीच मिळायची. अप्पांचं उरलेलं अर्धं अंग जीपच्या बाहेर, उजवा खांदा हवेत आणि खाली झुकलेला. हा उजवा खांदा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुनं स्टेअरिंग कंपनीचं, परातीएवढं. अप्पांनी त्याला हिरवी-पिवळी प्लास्टिकची वायर गुंडाळली होती. जिथे त्यांचे हात असायचे तिथे ती वायर झिजून इतकी गुळगुळीत झाली होती, की मी तिच्यात पाहून भांग पाडला असता. माझ्या डोक्यावर तेवढे केस राहिले नाहीत, ही वेगळी गोष्ट.

संदीपने आणलेलं नवं स्टेअरिंग तेरा इंची. काळं लेदर, लाल दोऱ्याची शिलाई, मध्ये हॉर्नचं चकचकीत बटण. ऑनलाइन मागवलेलं.

"वाढदिवसाची भेट, अप्पा," तो म्हणाला.

अप्पांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. "एवढंसं? ह्याच्यावर तर भाकरी बी मावायची न्हाई."

आता खरं सांगतो. ही भेट संदीपने दोन दिवस आधी एकट्याने येऊन माझ्याशी ठरवली होती.

"काका, अप्पांची गाडी बंद करायचीय," तो म्हणाला होता.

"का? काय झालं गाडीला? मागच्याच महिन्यात मी स्टेअरिंगचा सगळा प्ले काढलाय." प्ले म्हणजे गाडी न वळता चाक नुसतंच मोकळं फिरतं, ते. जुन्या गाडीत चार बोटं तरी असतो.

"गाडीला न्हाई झालं काय. त्यांनी परवा वेशीतल्या हापशाला घासली."

"मग? काय म्हणतात ते?"

"म्हनत्यात, हापसा पुढं सरकलाय."

"नजर दाखवली का कुणाला?"

"दाखवली. डॉक्टर म्हनले नजर ठीक हाय. पण वय बघा की, काका. उद्या हापशाच्या जागी कुणाचं लेकरू असलं तर? किल्ली मागितली तर दोन दिवस जेवले न्हाईत. म्हनून म्हटलं, स्टेअरिंग लहान टाकू. जड पडंल. दोन-चार दिवस ओढतील आन् आपोआप सोडतील."

पोराची अक्कल चांगली होती. जुन्या जीपला पॉवर स्टेअरिंग नसतं. चाक मोठं असलं की कमी जोरात वळतं, लहान केलं की तेवढ्याच वळणाला दीडपट जोर लागतो. कुणी विचारलं तर सांगतो, ज्या गाडीच्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असते तिला मी हात लावत नाही. एकाने फारच आग्रह केला, तेव्हा त्याला म्हटलं, बाबा, त्या चाकात तुझा जीव गुंडाळून ठेवलाय, तो काढून मी कुठे ठेवू? पण अप्पांच्या जीपला असलं काही नव्हतं. गिऱ्हाईक सांगेल ते बसवायचं, एवढंच माझं काम, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला थाप मारायला फार कष्ट पडत नाहीत. ऐकणारा घरचाच असतो.

तर, चाक निघेना म्हणून मी मधोमध थोडं डिझेल ओतलं. तीस वर्षांचं ग्रीस वितळून वाहू लागलं. फडक्याने पुसलं आणि माझा हात तिथेच थांबला.

हे थोडं समजावून सांगावं लागेल. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला सगळीकडून बारीक दाते असतात. तसेच दाते चाकाच्या भोकात आतून असतात. ते एकात एक बसतात, म्हणून चाक दांड्यावर घसरत नाही. पण दाते पुष्कळ, त्यामुळे चाक पुष्कळ प्रकारे बसतं, आणि त्यातला बरोबर प्रकार एकच. म्हणून कंपनी दांड्यावर एक रेघ मारते आणि चाकावर एक. दोन्ही रेघा समोरासमोर आल्या, की चाक सरळ.

माझ्यासमोरच्या दोन रेघा समोरासमोर नव्हत्या. चाक एक दाता उजवीकडे बसलेलं होतं. आणि हे चाक आयुष्यात एकदाच निघालं होतं, आणि ते काढणारा मीच होतो.

तेव्हा माझं गॅरेज नवंच होतं. तीन पत्रे, एक बाकडं आणि ‘स्टेअरिंगचे स्पेशालिस्ट’ अशी पाटी. पाटी गॅरेजपेक्षा मोठी होती. अप्पा तेव्हा काळ्याभोर मिशांचे. पारनेरच्या बाजाराचा दिवस होता, जीपचा हॉर्न अडकला होता आणि सुप्यापासून केडगावपर्यंत अखंड बोंबलत आला होता. हॉर्नची वायर बदलायला चाक काढावं लागलं. माझ्या उस्तादांची शिकवण एकच होती: पंच मारून खूण केल्याशिवाय चाक काढायचं नाही. पण अप्पा डोक्यावर उभे. "मिस्तरी, उरक. सुप्याला पॅसेंजर ताटकळल्यात." मी खूण न करता काढलं, ग्रीस थापलं आणि अंदाजाने बसवलं. माझा अंदाज कधीच चुकत नसे, असं मी तेव्हाही सांगायचो.

दुसऱ्या दिवशी अप्पा परत आले. "मिस्तरी, चाक जरा उजव्या अंगाला बसल्यासारखं वाटतंय."

बाकड्यावर दोन नवी गिऱ्हाइकं बसली होती. वर पाटी होती. मी म्हटलं, "अप्पा, काढून बसवलं की दोन दिवस तसंच वाटतं. हात बसला की सरळ वाटेल."

अप्पांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांचा हात बसला. हात बसला तसा खांदाही बसला. पुढेपुढे पारनेरचा टेलर त्यांच्या शर्टाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता शिवू लागला. लोक म्हणायचे, पॅसेंजरच्या गर्दीने अप्पा वाकले. मीही तसंच म्हणायचो, आणि सगळ्यांच्या आधी म्हणायचो.

डिझेल मुरलं आणि जुनं चाक खट्ट करून सुटलं. नव्या चाकाचं भोक वेगळं असतं, म्हणून मध्ये हब लागतो. म्हणजे एका बाजूने जुन्या दांड्याचे दाते आणि दुसऱ्या बाजूने नव्या चाकाचे सहा स्क्रू. रेघ पाहून मी हब तंतोतंत सरळ बसवला. यावेळी तरी काम चोख करायचं, असं ठरवून. बोलणार कुणालाच नव्हतो.

गॅरेजमागच्या मळ्यांच्या रस्त्याला आम्ही चक्कर मारायला निघालो. अप्पा चालवायला, मी शेजारी, संदीप मागे. जड पडेल, ही संदीपची आशा पहिल्याच वळणावर संपली. अप्पांनी ते चाक चहाची बशी फिरवावी तसं दोन बोटांनी फिरवलं. पण सरळ रस्ता लागला आणि जीप हळूहळू उजवीकडे जाऊ लागली. अप्पांनी ओढून आणली. हात सैल पडले की परत उजवीकडे. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला, अप्पांनी झटक्यात चाक डावीकडे घेतलं, आणि डाव्या कडेच्या उभ्या उसाची पानं माझ्या कानाला पुसून गेली. पुढचे आठ दिवस मला कान गोड लागत होता.

अप्पांनी जीप बाजूला घेऊन बंद केली.

"मिस्तरी, हात बसंना."

"नवीन आहे, अप्पा. दोन दिवस..." मी सुरुवात केली, आणि हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी सांगितलेलं आठवलं.

"न्हाई. चाक सरळ बसलंय आन् गाडी पळतीय उजवीकडं. म्हंजी चाकात खोट न्हाई. माझं हात गेलं."

त्यांनी किल्ली काढली आणि मागे न बघता खांद्यावरून संदीपला दिली.

संदीपला हवं होतं ते मिळालं होतं. पण हवं ते मिळालेल्या माणसाचा इतका पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता. त्याने किल्ली खिशात घातली नाही. तळहातावर धरून माझ्याकडे बघत राहिला.

मला गप्प बसता आलं असतं. पोराचं काम झालं असतं, माझी पाटी राहिली असती. माझं एकही चाक कधी वाकडं बसलं नाही, असं मी चार तालुक्यांत सांगत फिरलो होतो. पण अप्पा आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"अप्पा, हात ठीक आहेत," मी म्हटलं. "जुनं चाक मीच वाकडं बसवलं होतं. हॉर्न अडकला होता तेव्हा. एक दाता उजवीकडे. तुमचे हात अजून त्या वाकड्या जागेवर जातात, म्हणून सरळ चाकाने गाडी उजवीकडे जाते."

अप्पा हसले, पण वाईट हसले. "ऱ्हाऊ दे. माझं मन राखाया थाप मारू नको."

"थाप नाही, अप्पा. खरं सांगतोय."

"तू अकोल्याच्या घाटात ब्रेक फेल झाल्याला ट्रक धोतर बांधून थांबवला, ते बी खरंच सांगितलं हुतं."

"ते खरंच होतं."

"आन् शेळीनं खिडकी मागितली, ते?"

जन्मभर लोकांना काहीबाही सांगितलं आणि सगळ्यांनी आवडीने ऐकलं. आज खरं बोललो तर ऐकायला कुणी तयार नाही. टूलबॉक्स जीपमध्येच होता. तिथेच रस्त्यावर नट काढला, हब उचलला आणि एक दाता उजवीकडे सरकवून परत बसवला. चकचकीत नवं चाक वाकडं दिसू लागलं. उस्तादांकडची वर्षं धरून चाळीस वर्षांच्या धंद्यात जाणूनबुजून केलेलं माझं हे पहिलं वाकडं काम.

"आता चालवा."

अप्पा हलले नाहीत. मागून संदीपचा हात पुढे आला. त्याने किल्ली वडिलांच्या उताण्या तळहातावर ठेवली.

"एकडाव बघा तर, अप्पा," तो म्हणाला.

जीप निघाली. दोरी धरून आखावी तशी सरळ गेली. अप्पांनी मध्येच हात सैल सोडले, मुद्दाम सोडले, मी पाहिलं. तरी सरळच. रस्ता संपला. मग अप्पांनी थांबवली.

"म्हंजी तीस वर्सं तू मला वाकडं चालवलंस."

"व्हय, अप्पा."

"आन् मी त्या टेलरला शिव्या घालतोय. गेल्या दिवाळीला त्याच्याकडनं दोन शर्ट उसवून घेतलं."

मी फडक्याने टूलबॉक्स पुसायला घेतला.

"मग हापसा?" संदीपने मागून विचारलं.

तेही मीच सांगितलं. इतकी वर्षं चार बोटं मोकळं फिरणारं चाक. मी प्ले काढला आणि चाकाला हात लावताच गाडी वळायला लागली. ते अप्पांना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. अप्पांनी वळून मुलाकडे पाहिलं. "बघ. म्हटलं न्हवतं? हापसा सरकला हुता."

त्यानंतर अप्पांनी आणखी दोन वर्षं जीप चालवली, त्या वाकड्या बसवलेल्या नव्या चाकाने. मग एक दिवस स्वतःच गॅरेजवर आले, शेजारच्या सीटवर बसून, संदीपला चालवायला लावून. क्लच दाबताना गुडघा साथ देत नव्हता. "गुडघ्यामुळं सोडली," ते म्हणाले. "हातामुळं न्हाई. लिहून ठिव." ते इथे लिहून ठेवलं आहे.

धंद्यातल्या लोकांना एवढंच सांगतो: चाक काढायच्या आधी पंच मारा, मग डोक्यावर कुणीही उभं असो. आणि गिऱ्हाईक म्हणालं वाकडं वाटतंय, तर बाकड्यावर कोण बसलंय ते न बघता नट परत खोला. अर्ध्या तासाचं काम असतं. मला तीस वर्षं लागली.

जुनं परातीएवढं चाक गॅरेजच्या भिंतीवर टांगलंय, हिरव्या-पिवळ्या वायरीसकट. येणारा-जाणारा ते सरळ करून जातो. तो गेला की मी एक दाता उजवीकडे करतो.

अप्पांनी सोडल्यावर मी संदीपला फोन केला होता. गाडी घेऊन ये, चाक सरळ करून देतो, पैसे नकोत. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. हात बसलाय आता."

परवा सुप्याच्या चौकात तो समोरून गेला. नीट निरखून पाहिलं. उजवा खांदा उतरायला लागलाय. पारनेरच्या टेलरला सांगून ठेवलं पाहिजे.