बॉनेटमधला दादू

"मूल कुठं आहे?" व्हॅनमधून उतरता उतरताच मी विचारलं.

गाडीजवळ उभ्या असलेल्या काकांनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. मी दार उघडलं. सीटवर भोकं पाडलेला एक प्लास्टिकचा डबा होता. डब्याला सीटबेल्ट लावलेला. मूल नव्हतं. मी वाकून सीटखाली बघितलं. तिथंही नव्हतं.

"डब्यात," काका म्हणाले.

मी आरएसएचं काम करतो. रोडसाइड असिस्टन्स. रस्त्यात गाडी बंद पडली की लोक कंपनीच्या कंट्रोल रूमला फोन करतात, कंट्रोल रूम आम्हाला पाठवते. माझी व्हॅन उर्से टोलनाक्याच्या बाजूला उभी असते. त्या दुपारी कंट्रोलच्या प्राची मॅडमचा फोन आला तोच घाईत. "तिकोणा पेठेच्या अलीकडे गाडी गरम होऊन बंद पडलीय. एसी बंद. आत चार वर्षांचा दादू आहे, त्याला ऊन लागलंय, तोंड उघडं टाकलंय. बाकी सगळं सोड आणि पळ."

मे महिना होता. बंद गाडीत उन्हात मूल म्हटल्यावर मी मधे कुठंही थांबलो नाही. पवनानगरच्या चौकात हॉर्नवरून हात काढला नाही. पाण्याच्या बाटल्या, बर्फाचा थर्मास, सगळं पुढच्या सीटवर तयार ठेवलं होतं.

आणि आता डब्यातून एक सरडा माझ्याकडे बघत होता.

आपल्याकडच्या सरड्यापेक्षा चांगलाच मोठा. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. अंगावर काटे, हनुवटीखाली दाढीसारखी कातडी, रंग वाळलेल्या भाताच्या पेंढ्यासारखा. तोंड खरंच उघडं होतं.

"हा दादू?"

"हो. बिअर्डेड ड्रॅगन आहे," काकांच्या शेजारची मुलगी म्हणाली. तिचं नाव ऋता. काका तिचे वडील. दोघं ठाण्याहून आले होते. त्यांच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही, आणि असल्या प्राण्याला हाडं मजबूत राहायला थेट ऊन लागतं. काचेतून आलेलं चालत नाही, काच त्यातला कामाचा भाग अडवते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं की अधूनमधून बाहेर न्या. त्यासाठी यांनी धरणाजवळ एक फार्महाऊस भाड्याने घेतलं होतं. सकाळी लॉनवर जाळी लावून, अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात, दादूला फिरवलं होतं. सगळं व्यवस्थित झालं. परत निघाले आणि चढावर गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला.

एका सरड्यासाठी पळत आलो म्हणून रागवावं की मूल अडकलेलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, ते मला कळेना. मग मी जे कळतं ते केलं. बॉनेट उघडलं.

रेडिएटरमधलं पाणी इंजिनापर्यंत नेणारी एक रबरी नळी असते, तिला आम्ही होज पाइप म्हणतो. ती क्लिपच्या तोंडाशी चिरली होती. पाणी तिथूनच गेलं होतं. काम अवघड नव्हतं. चिरलेला तुकडा कापायचा, नळी पुन्हा बसवायची, पाणी भरायचं. फक्त इंजिन आधी निवलं पाहिजे. आणि ते निवलं नव्हतं, कारण मी यायच्या आधी काकांनी दादूसाठी एसी लावायला म्हणून गाडी पुन्हा चालू केली होती.

"तोपर्यंत याला बर्फात ठेवू," मी थर्मास पुढे केला.

"नको, नको!" ऋता ओरडली. "एकदम गार केलं तर शॉक बसेल त्याला."

हे मला पटलं. तापलेल्या इंजिनावर आम्हीही गार पाणी ओतत नाही, त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, तडकतं. "मग काय करायचं?"

"सावली. साधं पाणी. हळूहळू."

"पण तोंड उघडलंय ना?"

"तेच तर कळत नाहीये," ती म्हणाली. "मजेत ऊन खातानाही ते तोंड उघडतात. आणि जास्त झालं तरी उघडतात."

रस्त्याच्या पलीकडे एक घर होतं. पडवीत बसलेले आबा केव्हापासून आमच्याकडे बघत होते. ते उठून आले.

"काय झालंय मिस्त्री? कुनाचं लेकरू हाय?"

"लेकरू न्हाई आबा. सरडा हाय. ऊन लागलंय त्याला."

आबांनी डब्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "सरड्याला कुटं ऊन लागतं व्हय? आमच्या कुपाटीवर दिसभर बसत्यात."

"तुमचे सरडे तापले की कुंपणाखाली जातात, आबा," ऋता म्हणाली. "हा डब्यात आहे. हा कुठे जाणार?"

आबांना ते पटलं असावं. "मग पडवीत आना की. गार हाय तितं," असं म्हणून ते पुढे झाले.

डबा हाताला पोळत होता. म्हणून ऋताने दादूला बाहेर काढलं. त्याच्या छातीभोवती कापडी पट्टा होता, त्याची दोरी तिने मनगटाला गुंडाळली. दोन्ही तळहातांवर त्याला घेऊन ती रस्ता ओलांडायला निघाली, आणि नेमकी त्याच वेळी वळणावरून एसटी आली. आमच्या गाडीचं बॉनेट वर बघून ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला.

दादू उडाला. खाली तापलेल्या डांबरावर पडला, पाय टेकवेनात म्हणून तिथल्या तिथे फिरला, आणि सगळ्यात जवळच्या सावलीत शिरला. ती सावली गाडीखालची होती.

ऋताच्या हातात दोरी होती. दोरीच्या टोकाला रिकामा पट्टा.

मी पोटावर झोपून गाडीखाली बघितलं. कोणी नाही. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर कुठंतरी घासून तुटलं होतं, आणि तिथं एक भगदाड दिसत होतं.

"आत गेला," मी म्हटलं. "इंजिनात."

"थांबा, मी गाडी जरा पुढे घेतो," काका दाराकडे धावले.

"काका, चावीला हात लावू नका!"

मी इतका ओरडलो की पलीकडे आबा दचकले. सांगतो का ते. रेडिएटरच्या मागे एक इलेक्ट्रिक फॅन असतो. इंजिन तापलेलं असलं की चावी फिरवल्याबरोबर तो सुरू होतो, आणि काही गाड्यांत तर चावी काढलेली असतानाही आपला आपण सुरू होतो. त्या पात्यांनी माणसांची बोटं गेलेली मी बघितली आहेत. दादूचं काय राहिलं असतं? मी दहा नंबरचा पाना घेतला आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. आता फॅन फिरणार नव्हता. फक्त गरमी उरली.

तेवढ्यात प्राची मॅडमचा फोन.

"पॅसेंजरला बाहेर काढलं का?"

"काढलं होतं मॅडम. आता तो बॉनेटमध्ये आहे."

"कोण बॉनेटमध्ये आहे?"

"दादू."

"चार वर्षांचा मुलगा बॉनेटमध्ये? अ‍ॅम्ब्युलन्स पाठवू का?"

"मुलगा नाही मॅडम, सरडा आहे."

 मग त्या म्हणाल्या, "मग काय पाठवू?"

 मी नंतर करतो म्हणून फोन ठेवला.

टॉर्च मारून वरून बघितलं. काही दिसलं नाही. मग मी डोकं चालवलं. प्राणी तापलेला आहे, म्हणजे तो गार जागा शोधणार. बॉनेटच्या आत सगळ्यात गार जागा म्हणजे हेडलाइटच्या मागे, काच धुवायच्या पाण्याची टाकी असते तिथं. मी जॅक लावला, पुढचं चाक काढलं, चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर काढलं. क्लिपा कडक झालेल्या, दोन तुटल्या. टाकीमागे हात घातला. धूळ, वाळलेली पानं, बाकी काही नाही.

"घरी तो टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सखाली जाऊन बसतो," काका म्हणाले. "तो तर गरम असतो."

"मग त्याला गरम पाहिजे की गार?"

"माहीत नाही हो," काका म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. "मी याला घरात येऊ देणार नव्हतो. ही घेऊन आली तेव्हा मी हिच्याशी बोलत नव्हतो. आता सकाळी उठून मीच याला भोपळा किसून देतो."

 ऋताने कान मडगार्डला लावला होता. एकदम तिने हात वर केला. आम्ही सगळे गप्प झालो. खर्र, खर्र. नखं प्लास्टिकवर घासल्यासारखा आवाज, एकदा, दोनदा. मग थांबला.

"इथे," ती म्हणाली. तिचं बोट बॅटरीवर होतं.

बॅटरी एका ट्रेमध्ये बसवलेली असते. ट्रेखाली थोडी पोकळी, आणि त्याखाली गिअरबॉक्स. गिअरबॉक्स तापलेलाच. माझ्या हिशेबात ती जागा कुठंच नव्हती. मी बॅटरीचा क्लॅम्प सोडवला, बॅटरी उचलली, ट्रेचे बोल्ट खोलले. हात भाजत होता, पण ग्लोव्ह घालायला गेलो असतो तर बोटं शिरली नसती. ट्रे वर आला आणि खाली दादू दिसला. चपटा झालेला, डोळे मिटलेले, पोटाला ग्रीस. अंग फिकट पडलं होतं. तोंड बंद.

मी बाजूला झालो. ऋताने त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उचललं. त्याचे पाय लोंबत होते. काकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, गेला.

पडवीची जमीन शेणाने सारवलेली होती. आबांनी घोंगडं आधीच बाजूला सारलं होतं. ऋताने दादूला तिथं ठेवलं, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तोंड उघडं आहे की बंद?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद."

"श्वास?"

आम्ही चौघं खाली वाकलो. बरगड्या हलल्या. अगदी थोड्या, पण हलल्या.

"चालू आहे," काका म्हणाले. 

"साधं पाणी घ्या, गार नाही. पायांवर आणि पोटाखाली लावा. तोंडात ओतू नका. आणि वाट बघा."

आबांनी तांब्या आणला. ऋताने ओढणीचं टोक भिजवून पाय पुसले. आम्ही वाट बघितली. थोड्या वेळाने दादूने तोंड उघडलं.

"आता उघडलं, डॉक्टर!"

"मान वर आहे का?"

"नाही."

"थांबा."

मग तोंड मिटलं. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. यातलं कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट, ते मला एकदाही कळलं नाही. मी आपला ऋताच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधत होतो, आणि ती फोनकडे बघत होती.

दादूने मान उचलली. पुढचे पाय ताठ केले. डॉक्टर म्हणाले, "छान. आता त्याला त्याच्या मनाने फिरू द्या." आणि दादू चालायला लागला. हळूहळू, पोट घासत, थेट पडवीच्या कडेकडे. जिकडे ऊन होतं.

काकांनी त्याला पटकन उचलून पुन्हा सावलीत आणलं. तो पुन्हा वळला आणि पुन्हा निघाला.

"अरे, काय पाहिजे काय तुला?" काका रडकुंडीला आले होते.

"बाबा, राहू दे," ऋता म्हणाली.

पडवीच्या काठावर उन्हाची रेघ पडली होती. दादू तिथं जाऊन थांबला. डोकं आणि पुढचे पाय उन्हात, पोट आणि शेपूट सावलीत. मग एक पाऊल मागे घेतलं. डोळे अर्धे मिटून तो तसाच बसला.

आबांनी वाकून बघितलं. "आता ह्येला ऊन पायजे का सावली?"

"दोन्ही," ऋता म्हणाली. ती हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. त्याच ओल्या टोकाने.

मी गाडीकडे गेलो. इंजिन निवलं होतं. होज पाइप कापून बसवला, पाणी भरलं, ट्रे, बॅटरी, चाक, सगळं जागेवर लावलं. तुटलेल्या दोन क्लिपांच्या जागी वायर बांधली. गाडी चालू केली, काटा मधोमध येऊन थांबला. एसी आधी चालवून गाडी आतून निवू दिली, मगच दादूला आत ठेवलं. डबा त्यांनी आबांना देऊन टाकला. त्याऐवजी जाळीची एक टोपली आबांनी दिली, एरवी तिच्याखाली ते कोंबडीची पिल्लं झाकतात. काकांनी तिलाही सीटबेल्ट लावला.

संध्याकाळी ऋताचा मेसेज आला. डॉक्टरांनी दादूला तपासलं, एका पायाला भाजल्याची खूण आहे, बाकी ठीक. दोन दिवसांनी भोपळा खातानाचा फोटो आला.

त्यानंतर कधी कुणी ओळखीतलं असला प्राणी घेऊन लोणावळ्याकडे सुट्टीला निघालं की मला विचारतं, कारण हा किस्सा मी सगळ्यांना सांगितलाय. प्राण्यांतलं मला काहीही कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मग एवढंच म्हणतो, की त्याला किती ऊन पाहिजे ते तुम्ही ठरवायला जाऊ नका. ऊन आणि सावली दोन्ही त्याच्या पायांच्या टप्प्यात ठेवा, आणि मधे डबा आणू नका. आणि निघायच्या आधी होज पाइप बघून घ्या.