विहीणबाईंच्या दारातून परतलेल्या पुरणपोळ्या

अमेरिकेत लेकीकडे हर्नडनला आले होते, तिथून फिलाडेल्फियाला जायचं ठरलं ते माझ्याच हट्टापायी. मृणालचं, माझ्या लेकीचं, बेनशी लग्न झालं तेव्हा मला व्हिसा मिळाला नव्हता. विहीणबाईंना, म्हणजे रूथबाईंना, अजून पाहिलंच नव्हतं. त्या ज्यू. त्यांच्याकडे पासओव्हरचा सण होता. त्यांनी माझ्या हातचं खावं, एवढंच मनात होतं.

"आई, काही करून नेऊ नकोस हं," मृणाल म्हणाली होती. पण लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं कोण जातं? पहाटे उठून वीस पुरणपोळ्या लाटल्या आणि डबा पिशवीत दडवला.

कुणी जाणार असेल तर दुपारच्या आत निघा. आम्ही तीनला निघालो, तीन तासांचा रस्ता पाच तासांचा झाला, टोल वेगळा. चहा घरचाच, थर्मासमधला. पाय सुजून भाकरी झाले.

दारात पिशवी उघडली तशी मृणाल थबकली. "आई, यात गहू आहे?"

"पुरणपोळीत दुसरं काय, नाचणी?"

तेव्हा कळलं. मात्झो नावाच्या त्यांच्या खाकऱ्यासारख्या कोरड्या पोळीखेरीज आठ दिवस घरात गव्हाचं काही चालत नाही. त्यांचे पूर्वज गुलामीतून निसटले तेव्हा पीठ फुगायलाही सवड नव्हती, त्याची आठवण. पिठाचा कण राहू नये म्हणून रूथबाईंनी ड्रॉवरचे कोपरेसुद्धा पुसून काढले होते.

दुसऱ्याचं सोवळं मला कळतं. मीच डबा गाडीत ठेवून आले. तरी डोळे भरलेच.

जेवणाआधी दोन तास पोथी. मला डुलक्या येत होत्या. मिठाच्या पाण्यात बुडवलेली भाजी, सफरचंद-अक्रोडाची गोड चटणी, आणि एक झणझणीत कडू मूळ. पाडव्याचा कडुनिंब आठवला. मी मटण खात नाही म्हणून रूथबाईंनी बटाटे वेगळ्या भांड्यात उकडले होते. शेवटी एका प्रेषितासाठी घराचं दार उघडतात. उघडलं, तर समोर आमची गाडी. रूथबाई गाडीकडे बघत मृणालशी काही बोलल्या.

"आई, त्या विचारतायत, सण संपल्यावर, नवव्या दिवशी, त्या आपल्याकडे आल्या तर पुन्हा पोळ्या करशील?"

"म्हणावं, पारण्यालाच या."

त्या खरंच आल्या, एकट्या ड्राइव्ह करत. मी ताज्या पोळ्या केल्या होत्या. आठ दिवसांनंतरचा पहिला घास घेऊन त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि चपला काढल्या. त्यांचेही पाय सुजले होते.

मला काही एवढा प्रवास पुन्हा झेपेलसं वाटत नाही. मी पाय ठेवायला स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि न विचारता दुसरी पोळी वाढली.