आम्ही न बुजवलेली खांड

खोताची जमीन आम्ही तीन पिढ्या कसत होतो. ओवे गावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या बांधाला लागून. निम्मं भात त्याचं, वर फुकटची वेठ. स्वातंत्र्याच्या एक-दोन वर्षं आधी पनवेलच्या शेतकरी संघानं ठरवलं, वेठ बंद होईस्तोवर खोताच्या कामाला कुणी हात लावायचा नाही. माझे सासरे गावचे पंच. सभेत त्यांनी एक हात वर केला. मी सून, पण तापट. मी दोन्ही वर केले.

श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला, मोठी खांड पडली. आमच्याकडे रीत अशी, की खांड पडल्याची हाळी आली की फावडं घेऊन धावायचं, शेत कुणाचं ते विचारायचं नाही. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन-तीन वर्षं भात होत नाही. पण संघाचा माणूस सकाळीच बजावून गेला होता, कुणी जायचं नाही. मोठा शहाणा! मेल्यानं जन्मात चिखलात पाय घातला नव्हता.

सासऱ्यांनी तरीही फावडं उचललं. मी दारात आडवी आले.

“बाबा, बांध खोताचा हाय. त्याचा त्याला बुजवू द्या. आपून गेलो तर संप मोडला.”

“अगो, पाणी काय खोताला वळखतंय?”

“तुमी पंच ना? मग लोकांना काय तोंड दाखवाल?”

ते खाली बसले. सगळं गाव बसून राहिलं. खोतानंही खांड बुजवली नाही. पनवेलात त्याची दोन दुकानं, त्याचं काय अडणार होतं?

वेठ बंद झाली. जिंकलो म्हणे! गुलाल उधळला, आणि शेत मिठानं पांढरं.

मग स्वातंत्र्य आलं, मागोमाग कूळकायदा. कसणाऱ्याचा हक्क लागणार होता. तलाठ्यानं दप्तर उघडलं. त्या सालांपुढे लिहिलं होतं, पडीक. “पीकच काढलं नाही, तर तुम्ही कूळ कसे?” म्हणाला. जमीन खोताकडेच राहिली.

मी तडक संघाच्या माणसाकडे गेले. आता तो खादी घालून खुर्चीत बसत होता.

“बाई, लढ्यात त्याग करावा लागतो.”

“कुणाचा रं? तुजा का माजा?”

त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. मी तशीच उठले.

सासरे पुढे सात-आठ वर्षं जगले, दुसऱ्याच्या मिठागरावर राबत. तू दारात आडवी आलीस, असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. मला भांडता तरी आलं असतं.