शेऱ्याचा रकाना

कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्सवाल्याला लागून, मुलांना भेटायची खोली होती. घटस्फोटाचा दावा चालू असेपर्यंत मूल एकाकडे राहतं. दुसऱ्याने ते इथे, शनिवारी, तासभर बघायचं. खोलीत सहा खुर्च्या, चाकं गेलेली एक खेळण्यातली गाडी आणि दाराशी मावशी. आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि शेरा एवढं त्यांनी नोंदवहीत लिहायचं. शेऱ्याचा रकाना इंचभर. त्यात मावशींनी एकोणीस वर्षांपूर्वी एक शब्द कोंबून बसवला, तो बसला तो बसलाच: समाधानकारक. मूल बापाच्या गळ्यात पडो नाहीतर खुर्चीखाली दडी मारून बसो, भेट समाधानकारक.

वकिलांना विचारायची लाज वाटते ते प्रश्न लोक मावशींना विचारत.

"मावशी, नवऱ्याने नोकरी सोडली तर पोटगी बुडते का हो?"

"वकिलाला विचारा," असं म्हणून मावशी पुढे सांगतच. "नोकरी सुटते बाई, बापपण कुठं सुटतंय? कोर्ट विचारतं त्याला, का सोडली म्हणून."

"आणि पोरगं मोठं झालं की त्यालाच विचारतात म्हणे, कुणाकडे राहतोस?"

"विचारतात. ऐकतातच असं नाही. घरी तरी कुठं ऐकतो आपण?"

निवृत्तीला दोन महिने उरले होते. गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते.

दर शनिवारी अकराला एक लिफ्ट दुरुस्त करणारा येई. त्याची सात वर्षांची मुलगी आईबरोबर येई. आई बाहेरच्या बाकावर तासभर पर्स मांडीवर धरून बसे. बाप पिशवीतून जुना ट्रान्झिस्टर काढी. दोघं तो उघडत, आतलं पुसत, पुन्हा बंद करत. बोलणं नाही. फार तर "धर" आणि "हं".

बापाने अर्ज केला की महिन्यातून दोन शनिवार मुलगी रात्री माझ्याकडे राहू दे. आईच्या वकिलाने हरकत घेतली : मुलगी वडिलांशी अवाक्षर बोलत नाही, रात्रभर काय करणार? न्यायाधीशबाईंनी नोंदवही मागवली, मावशींनाही वर बोलावलं.

"तीन तारखेला खोलीला रंग लागत होता. खोली बंद होती," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीची भेटही समाधानकारक?"

मावशी महिन्याचे शेरे एक तारखेलाच लिहून मोकळ्या होत. रंग तरी समाधानकारक लागला होता, असं त्यांच्या मनात आलं; पण ते म्हणायची ती जागा नव्हे, एवढं एकोणीस वर्षांत त्यांना कळलं होतं.

"ही वही पुरावा म्हणून मला निरुपयोगी आहे. अर्जदाराकडे दुसरा पुरावा नाही. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ते पुढच्या तारखेला लिहून आणा. नाहीतर अर्ज नामंजूर करावा लागेल."

जिन्यात बापाने मावशींना गाठलं. त्या शिव्या खायच्या तयारीत होत्या.

"मावशी, जड जात असेल तर राहू द्या," एवढंच तो म्हणाला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

कोर्टाच्या कचेरीतल्या प्रबंधकसाहेबांनी कोरा कागद दिला. "दोन ओळी खरडा की. संबंध समाधानकारक आहेत म्हणून."

"तो शब्द संपला, साहेब."

पानभर मजकुराला मावशींना चार दिवस लागले. तारखेला बाईंनी तो मोठ्याने वाचला.

'ट्रान्झिस्टर आठव्या शनिवारीच वाजायला लागला. तरी दोघं तो दर वेळी उघडतात. बंद करताना एक स्क्रू कमी पडतो. तो मुलगी फ्रॉकच्या खिशात टाकते, हे मी पाहिलं आहे. पुढच्या शनिवारी आल्याबरोबर ती मूठ उघडते. बापाला हे ठाऊक असावं असं वाटतं, कारण तो खुर्च्यांखाली रांगून शोधतो, पण खिशाकडे बघत नाही.'

आईचे वकील उठले. "वाटतं, हा पुरावा नव्हे."

"ते वाक्य सोडून देऊ. बाकीचं राहू दे." बाई आईकडे वळल्या. "स्क्रूचं तुम्हाला माहीत होतं?"

आईने वकिलाकडे पाहिलं नाही. "कपडे धुताना सापडायचा. कसला ते सांगायची नाही. हरवला तर रडेल, म्हणून डबीत ठेवायचे. शनिवारी निघताना मागायची, तेव्हा द्यायचे." मग दमल्यासारखं म्हणाली, "घरीसुद्धा ती फारशी बोलत नाही, मॅडम. मला वाटायचं, माझ्याशीच नाही बोलत."

दोन शनिवारच्या रात्री मंजूर झाल्या. रविवारी संध्याकाळी बापाने घरी पोचवायचं; ताबा आईकडेच.

त्याच हुकुमाच्या शेवटी आणखी एक कलम होतं. शेऱ्याचा रकाना यापुढे पाच ओळींचा असावा आणि तो भेट संपल्यावरच भरावा. मावशींच्या जागी येणारी बाई कामाची ओळख करून घ्यायला आली तेव्हा नव्या वह्यांचा गठ्ठा नुकताच उतरला होता.

"अगंबाई, एवढं लिहायचं? दर पोरामागे?"

"हो ना," मावशी म्हणाल्या. "कुणी घालून ठेवलं हे, देव जाणे." आणि गुडघ्यावर हात टेकून, खुर्चीखाली बसलेल्या एका मुलाला नीट बघता यावं म्हणून, खाली वाकल्या.