पाठीवर झोपलेल्या लिफ्ट

अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमचं ऑफिस. आम्ही लिफ्टच्या केबिन डिझाइन करायचो, आणि आमची प्रत्येक केबिन कॉम्प्युटरवर पाठीवर झोपलेली असायची.

थ्री-डीमध्ये काही काढायला घेतलं की सॉफ्टवेअर आधी विचारतं, स्केच कुठल्या प्लेनवर, म्हणजे कुठल्या प्रतलावर? समोरच्या, वरच्या की बाजूच्या? केबिनची सुरुवात फरशीपासून होते. ती काढायची वरच्या प्लेनवर, म्हणजे जमिनीसारखी सपाट पडते. आमच्या सरांनी कंपनीची पहिली केबिन काढली तेव्हा फरशीचा चौकोन समोरच्या प्लेनवर काढला. फरशी भिंतीसारखी उभी राहिली आणि केबिन आडवी वाढली. ही चूक कोणाचीही होते. फक्त सर मालक होते, म्हणून तिची मास्टर फाईल झाली. पुढची प्रत्येक केबिन तिचीच कॉपी.

पहिल्या दिवशी सीनियरने मला बसवून गंभीरपणे सांगितलं, "आपल्याकडे फ्रंट म्हणजे टॉप. लक्षात ठेव. आणि सरांना दाखवताना माऊसने फिरवून उभी करायची."

"पण स्केचचा प्लेनच बदलला तर? राइट क्लिक करून बदलता येतो की."

"अगं, सरांची फाईल आहे ती!" मी देवघरातली मूर्ती उचलायला निघाल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "कॉलेजातलं कॉलेजात ठेव."

कॉलेजातलं मी कॉलेजात ठेवण्यासाठी शिकले नव्हते. आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले, बाबा एका ऑफिसात शिपाई. मी इंजिनिअर झाले तेव्हा आईने कांजूरमार्गच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले, अजून निकालही कागदावर आला नव्हता. बाबांना मी आमच्या लिफ्टचं सांगितलं तेव्हा त्यांनी जेवता जेवता हात थांबवला. "अगो, आडवी लिफ्ट खंय जातली?"

आडवी लिफ्ट कुठे जाणार, हा प्रश्न माझ्या ऑफिसात कोणी विचारतच नव्हतं.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं. सर म्हणाले, "घाटकोपरच्या सोसायटीचं प्रेझेंटेशन तू कर. ते नीट झालं तर कन्फर्म करतो." नाही झालं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला सांगायची गरजही नव्हती.

सोसायटीची एकच अट होती: केबिनमध्ये स्ट्रेचर मावतो हे डोळ्यांना दिसेल असं दाखवा. त्यांच्या जुन्या बिल्डिंगीला लिफ्ट नव्हती. एका आजारी आजोबांना खुर्चीत बसवून, चौघांनी धरून जिन्याने खाली आणावं लागलं होतं. नव्या बिल्डिंगीत ते पुन्हा नको होतं.

मी स्ट्रेचरचं तयार मॉडेल घेतलं आणि आमच्या केबिनमध्ये ठेवलं. केबिन माऊसने उभी करून पाहिली, तर स्ट्रेचर शिडीसारखा भिंतीला उभा राहिला. त्यावरचा माणूस पण उभा, पट्ट्यांनी बांधलेला.

"स्ट्रेचर फिरव ना," सीनियर म्हणाला.

"आज स्ट्रेचर, उद्या पेशंट. सगळ्या जगाला आडवं करायचं, पण ती फाईल सरळ नाही करायची?"

"तुझं कन्फर्मेशन आहे, माझं नाही. कर काय ते." असं म्हणून तो चहाला गेला.

मी कॉपी काढली आणि फरशीच्या स्केचचा प्लेन बदलला. केबिन उभी राहिली आणि बाकी सगळ्याची वाट लागली. दरवाजा छताला, आरसा केबिनच्या बाहेर, हँडरेल हवेत. डावीकडची भागांची यादी चुकांनी लालेलाल. वर्षानुवर्षं सगळ्यांनी त्या झोपलेल्या केबिनच्या हिशेबानेच सगळं लटकवलं होतं. एकेक स्केच उघडून मी ते पुन्हा योग्य भिंतीला बांधत बसले. प्रेझेंटेशनच्या दिवशी दुपारी लाल रंग गेला.

कमिटी आली. अध्यक्षबाई, त्यांच्यासोबत बँकेतून रिटायर झालेले सेक्रेटरी. मोठ्या स्क्रीनवर केबिन ऐटीत उभी होती, आत स्ट्रेचर व्यवस्थित आडवा. मी तोंड उघडणार, इतक्यात सरांनी माऊस हातात घेतला. "मी दाखवतो."

सवयीचा हात. त्यांनी नेहमीसारखी केबिन फिरवली आणि उभी केबिन धाडकन पाठीवर पडली. सरांनी आणखी फिरवली. आता पेशंट डोक्यावर उभा.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "यात पेशंट आडवा जाणार की लिफ्टच?"

"अहो, तुमच्या पेशंटला आधी खाली उतरवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सर घामाघूम. मी हात पुढे करून फ्रंटचं बटण दाबलं. केबिन उभी राहिली. मग टॉप दाबलं, छप्पर लपवलं आणि स्ट्रेचरभोवती किती जागा उरते, सोबतचा माणूस कुठे उभा राहील, ते दाखवलं. बाईंनी दोनदा बघितलं. "झकास. हीच पाहिजे."

ते गेल्यावर सरांनी दार लावलं. "फाईलला हात कोणी लावला?"

"मी, सर. कॉपीला लावला. मास्टर आहे तशीच आहे."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

ते स्क्रीनकडे वळले. फ्रंट दाबलं. केबिन उभी. बाजूचं दाबलं. केबिन उभी. पुन्हा फ्रंट. मला वाटलं, संपलं, उद्यापासून घरी.

"सोमवारपासून तू कायम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि बाकीच्या पण उभ्या करून टाक."

"बाकीच्या म्हणजे सगळ्या?"

"मग? अर्ध्या झोपवून ठेवणार का? आणि कोणी विचारलं तर सरांनी सांगितलं म्हण."

"तसं नाही म्हणणार, सर. पहिली मी न विचारताच केली."

"बरं," सर म्हणाले, "मग काही म्हणू नकोस. पण कर."