उन्हाचा आकडा

नानांसमोर ‘आज ऊन फार आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारायचे, “फार म्हणजे किती? नि त्यातला परत किती गेला?”

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. देवबागच्या वाटेवर समुद्राला लागून एक छोटी वेधशाळा होती. नाना तिथले निरीक्षक. मी हायस्कुलात गणित शिकवायचो आणि शनिवारी दुपारी त्यांची आकडेमोड तपासून द्यायचो. अंगणात काचेच्या घुमटांखाली दोन काळ्या तबकड्या होत्या. एक वरून येणारी उष्णता मोजायची, दुसरी जमिनीवरून परतणारी.

“ऊन इला तितक्या परत गेला नाय, तर उरलेली ऊब खंय जातली? हवेत, नाय तर दर्यात,” नाना म्हणायचे. उरलेल्या उबेनं पृथ्वी किती तापेल, हे पुढे कोणीतरी मांडणार. त्याच्या हाती आपला आकडा खोटा जाता कामा नये, एवढाच त्यांचा ध्यास. म्हणून रोज सकाळी धोतराच्या मऊ फडक्यानं ते वरची काच निगुतीनं पुसत.

तीन वर्षांत वरून येणारं ऊन थोडं थोडं घटताना दिसलं. हवामान खात्याचे मोठे साहेब खूश झाले. त्यावर लेख लिहायचं त्यांनी ठरवलं, आणि नानांची नोकरी कायम केल्याचा कागद घेऊन ते स्वतः यायला निघाले.

आदल्या दिवशी दुपारी नानांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी कपाटातला कोरा घुमट बसवून पाहिला होता, आणि काटा एकदम वर गेला होता. जुनी काच त्यांनी माझ्यापुढे उन्हात धरली. तिच्यावर केसासारखे असंख्य ओरखडे होते.

“खाऱ्या वाऱ्याचा मीठ. मी सुक्या फडक्यान घासलंय. ऊन कमी झाला नाय, मास्तरानू.”

दारात नानी उभ्या होत्या. “सांगल्यात तर नोकरी जातली,” एवढंच बोलून त्या आत गेल्या. मी आवाज खाली आणून म्हणालो, “नाना, आकडेमोड बरोबर आहे. कोणी विचारणार नाही. गप्प राहा.” त्यांनी जुनी काच फडक्यात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत टेकतात न टेकतात तोच नानांनी दोन्ही काचा टेबलावर ठेवल्या. “साहेब, तीन वर्षांचे आकडे बाद करावे लागतील. चूक माझी आहे.”

साहेबांनी जुनी काच उजेडात धरून पाहिली. मग लेखाचे कागद त्यांनी पिशवीत घातले. नानांचा कागदही त्यांच्याबरोबर परत गेला. महिन्याभरात किनाऱ्यावरच्या सगळ्या वेधशाळांना पत्रक आलं: काच आधी गोड्या पाण्यानं धुवावी. त्यात नानांचं नाव नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला, घाटावर.

निरोप द्यायला मी गेलो, तेव्हा नाना ट्रंकेला दोरी बांधत होते. नानी माझ्याजवळ आल्या.

“मास्तरानू, तुम्ही धीर दिल्यात म्हणान ते बोलले. त्यांनीच माका सांगल्यानी.”

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. दोरीची गाठ तेवढी आणखी घट्ट ओढली.