दारातले बूट

फौजीणबाईच्या दारात बुटांचा एक जोड कायम असायचा. दहा नंबरचे, काळे, लेसवाले. बूट तिच्या नवऱ्याचे, आणि नवरा लढाईत गेला त्याला अकरा वर्षं झाली होती.

बाई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. उभं राहून पाय सुजायचे, जीभ मात्र शाबूत होती. तिच्या वाटेला सहसा कोणी जात नसे.

नवरा गेला त्याच वर्षी कोणीतरी दोनदा तिच्या दाराची कडी हलवून गेलं. तेव्हा शेजारच्या कुलूपवाल्या काकांनी स्वतःच्याच धंद्याच्या मुळावर येणारा सल्ला दिला, "चोर कुलपाला भीत नाही पोरी, बुटाला भितो."

नुसते ठेवलेले बूट चार दिवसांत ओळखू येतात, हे बाईला लवकरच कळलं. मग रोज कामाला निघण्याआधी ती खाली बसायची, दोन्ही बुटांत हात घालायची आणि अंगणातल्या चिखलाचे ठसे पायरीवर उमटवायची. आत हात गेला की त्याच्या बोटांनी पडलेले खळगे लागायचे. तो उजवी टाच जोरात टाकायचा, म्हणून उजव्या हातावर भार जास्त. सुरुवातीला ती हे करताना रडायची, नंतर सवय झाली.

सैनिकाच्या विधवेला घरपट्टी माफ होती, दुसरं लग्न करत नाही तोवर. बाजार दाराशी आल्यापासून पट्टी अशी काही वाढली होती, की माफी गेली असती तर बाईला दोन खोल्यांचं ते घर विकावंच लागलं असतं. आणि कोण्या पुण्यवंतानं पालिकेला निनावी पत्र टाकलं: बाईनं गुपचूप दुसरा नवरा केलाय.

इन्स्पेक्टर न कळवता सकाळीच आला. माणूस तसा भला, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. पायरी पाहून त्यानं चष्मा चढवला.

"आत्ता कोण गेलं बाहेर?"

"कोणी नाही."

"बाई, ठसे ओले आहेत. खोटं निघालं तर माफी जाईल, आणि अकरा वर्षांची पट्टी दंडासकट भरावी लागेल."

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! अहो, ते ठसे मी काढते."

"तुम्ही? दाखवा."

त्याला दोन पंच हवे होते, म्हणून कुलूपवाले काका-काकू आले. बाई त्या तिघांसमोर खाली बसली, बुटांत हात घातले, चिखलात दाबले आणि रांगत फरशीवर चालवत नेले. डावा, उजवा, डावा. उजव्या टाचेवर भार टाकताना तिच्या घशातून विचित्र आवाज निघाला. काकूंनी तोंडावर हात ठेवला. सल्ला काकांचाच, पण हा प्रकार त्यांनाही ठाऊक नव्हता. ते भिंतीकडे बघत राहिले.

"पुरे," इन्स्पेक्टर म्हणाला. "उठा, ताई. माफी चालू राहील."

त्यानं तिथंच लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, शिक्का मारला. मग पिशवीतून डिंकाची बाटली काढली.

"हे कशाला?" बाईनं विचारलं.

"तक्रार आली की निकाल पंधरा दिवस दारावर लावायचा. कोणाची हरकत असली तर कळावी म्हणून."

"आतल्या बाजूनं लावा ना."

"बाहेरूनच लागतो. आणि काढू नका ताई, काढलात तर माफी रद्द होते." हे सांगताना त्यालाही मान वर करवेना.

कागदावर ठळक अक्षरात होतं: सदर घरात महिला एकटीच राहते. कोणीही पुरुष राहत नाही.

तो गेल्यावर काकांनी दुकानातला सर्वांत जाड अडसर आणला आणि दाराला आतून बसवायला घेतला.

"काका, बूट ठेवू का उचलू?" बाईनं विचारलं.

काका स्क्रू पिळत राहिले. दाराबाहेर रस्त्यानं जाणारा कोणी एक जण थांबून कागद वाचत होता.